रक्तातील एक अक्षर



एका अक्षराने अर्थाचा अनर्थ कसा होतो, हे मुलांना शिकविण्यात माझी हयात गेली. आज बोलावयाचे आहे ते अक्षर वहीतले नव्हे, रक्तातले.

गडचिरोलीकडे शिक्षक असताना माझ्या वर्गातील एक मुलगा वरचेवर गैरहजर राही. सांधे दुखतात, म्हणे. कामचुकार समजून मी त्यास कितीदा तरी बाकावर उभे केले. त्यास सिकलसेलचा विकार आहे, हे मला फार उशिरा कळले. ह्या विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. मूळ काय, तर हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा बदल. तो आई व बाप दोघांकडूनही आला म्हणजे मूल रोगी होते.

जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर ह्या साधनाबद्दल जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पांतिए ह्या विदुषींस २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साधनावर आधारलेल्या कॅसजेव्ही ह्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका ह्यांनी मान्यता दिली. मौज अशी की, त्यात चुकलेले अक्षर खोडीतच नाहीत! गर्भावस्थेत आपले रक्त निराळ्या हिमोग्लोबिनवर चालते. जन्मानंतर ते जवळजवळ बंद पडते. रोग्याच्याच मूळ पेशी बाहेर काढून, ते बंद पाडणारी कळ निकामी करितात व त्या पेशी परत देतात. तत्पूर्वी जुनी अस्थिमज्जा जालीम औषधांनी नष्ट करावी लागते. त्यात अपत्यप्राप्तीची शक्ती जाण्याचाही संभव असतो. परंतु रोगी हे समजून होकार देतो, आणि बदल त्याच्यापुरताच राहतो.

भ्रूणाची गोष्ट वेगळी. २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई ह्या संशोधकाने जुळ्या मुलींची जनुके भ्रूणावस्थेतच बदलल्याचे जाहीर केले. एचआयव्हीची बाधा होऊ नये हा हेतू. पण ती टाळण्याचे साधे उपाय उपलब्ध होते. २०१९ साली न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद फर्माविली. कोणी म्हणेल, आईबाप मुलांना न विचारताच लस टोचवितात. खरे आहे, पण लस नातवंडांच्या रक्तात उतरत नाही. शिवाय पोरांना आपल्या मनासारखे घडविण्याचा मोह किती दांडगा असतो, हे मास्तराहून अधिक कोणास ठाऊक?

तरीही ही विद्या मला हवी आहे. अडचण आहे ती किमतीची. अमेरिकेत ह्या उपचाराचे मोल बावीस लक्ष डॉलर ठरले. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार येथील आदिवासींत हा विकार पुष्कळ आढळतो. त्यांनी हा आकडा ऐकून काय करावे? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी व वेळेवर तपासणी, हाच त्यांचा आधार.

पुढे मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची धाकटी बहीण तपासणीत वाहक ठरली होती. "गुरुजी, माझ्या पोरांचं काय?" तिने विचारले. लग्नाआधी मुलाचेही रक्त तपासून घे, एवढेच मी तिला सांगू शकलो.