'सगळे सारखेच' म्हणणारा ब्रिटिश मतदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'ब्रिटनमधील सत्तांतर' हा विषय दिला होता. त्यांच्या अनुमतीने मी त्यात थोडा फेरफार करून घेतला आहे. सत्तांतराची हकिगत आपण सर्वांनी वाचलेली आहे. ४ जुलै २०२४ रोजी हुजूर पक्षाची चौदा वर्षांची राजवट संपली आणि सर कीर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. मला बोलावयाचे आहे ते त्यापूर्वीच्या सहा आठवड्यांविषयी. त्या आठवड्यांत तेथील सामान्य मतदार कशाबद्दल कुरकुरत होता आणि ती कुरकुर राजकीय पक्षांनी कशी ऐकली, हा माझा विषय आहे.

योगायोगाने त्या काळात मी बर्मिंगहॅमला माझ्या भाचीकडे मुक्कामाला होतो. २२ मे रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात, छत्रीवाचून, ओलेचिंब होत निवडणुकीची घोषणा केली. भाचीच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. या घोषणेवर त्यांचा अभिप्राय एवढाच होता : "कोणीही आला तरी काय? सगळे सारखेच."

हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. आपण मते मागावयास दारोदार जातो तेव्हा दर तिसऱ्या उंबऱ्यावर ते ऐकतो आणि घरी येताना 'लोक उदासीन आहेत' असा शेरा मारून मोकळे होतो. मीही प्रथम तसाच मोकळा झालो. नॅशनल सेंटर फॉर सोशल रिसर्च या संस्थेची जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी माझ्या बाजूने होती. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, ते पक्षहितापेक्षा देशहिताला अग्रक्रम देईल यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास नसतो, असे ४५ टक्के लोकांनी तीत सांगितले होते. तोवरचा हा उच्चांक होता. परंतु एके दिवशी कुंपणाशी उभे राहून मी त्या गृहस्थांना विचारले की सारखेच म्हणजे नेमके कशात सारखे? त्यावर ते अर्धा तास बोलले. तो उदासीन माणूस नव्हता. त्याच्याजवळ पै-पैचा हिशेब तयार होता. तो मागणारे मात्र कोणी आले नव्हते.

त्या हिशेबाची पहिली बाब महागाईची. सुनक प्रत्येक सभेत सांगत असत की ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्क्यांवर गेलेला भाववाढीचा दर आपण २ टक्क्यांवर आणला. आकडा खरा होता. मे २०२४ चा दर बरोबर २ टक्के होता. मी चौतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले आणि दरवर्षी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकच चूक तांबड्या शाईने दुरुस्त केली : भाववाढीचा दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. मे २०२१ मध्ये शंभर पौंडांना मिळणाऱ्या वस्तूंना मे २०२४ मध्ये सुमारे एकशे एकवीस पौंड पडत होते, आणि केवळ खाद्यपदार्थ घेतले तर एकशे तीसच्या आसपास. दर उतरला तरी हे एकशे तीस कायमच राहिले. पंतप्रधान स्वतः ऑक्सफर्ड आणि स्टॅनफर्डला शिकलेले. त्यांना हा फरक कळत नव्हता असे मी म्हणणार नाही. बसचालकाला तो कळत होता एवढे मात्र मी साक्षीने सांगतो.

दुसरी बाब करांची. ही जरा सावकाश समजून घ्यावी लागेल. २०२४ च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये सरकारने नोकरदारांच्या राष्ट्रीय विम्याचा हप्ता कमी केला. १२ टक्क्यांवरून १० आणि १० वरून ८. याची जाहिरात मोठी झाली. पण ज्या उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर लागत नाही ती १२,५७० पौंडांची मर्यादा २०२१ पासून गोठवून ठेवलेली होती. भाव चढले, त्यांच्यामागे धापा टाकत पगार चढले, मर्यादा तेथेच राहिली. त्यामुळे काल कर न भरणारा आज भरू लागला, आणि भरणारा अधिक भरू लागला. मध्यम पगाराच्या माणसाला एका खिशातून गेलेले दुसऱ्या खिशात थोडेफार परत मिळाले. तुटपुंज्या पगारवाल्याला तेवढेही नाही. आणि निवृत्त माणूस तर राष्ट्रीय विमा भरतच नाही. त्याला सवलत शून्य आणि गोठवलेल्या मर्यादेचा फटका पुरेपूर. करवाढीचा ठराव संसदेत न मांडता कर वाढविण्याची ही युक्ती मोठी सोयीची असते, आणि मजूर पक्षानेही ती मर्यादा उठविण्याचे वचन दिले नाही. माझ्या शेजाऱ्याच्या 'सारखेच' या शब्दाचा एक अर्थ हा होता.

घरकर्जाची बाब थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसा कोठून आणणार हे न सांगता, जाहीर केली. रोखेबाजार कोसळला, बाई सात आठवड्यांत गेल्या. तेथे घरकर्जाचे व्याज बहुधा दोन वा पाच वर्षांपुरते ठरलेले असते. म्हणून तो तडाखा सर्वांना एकदम बसला नाही. ज्याची मुदत ज्या महिन्यात संपली त्याला त्या महिन्यात बसत राहिला. ट्रस गेल्यावर दीड वर्षानेही लोक त्यांचे नाव घेऊन बोटे मोडत होते, याचे कारण हे.

आता आरोग्यसेवा. आमच्या पिढीने बेव्हरिज अहवाल पाठ्यपुस्तकात वाचला आणि १९४८ साली अन्यूरिन बेव्हन यांनी उभारलेल्या मोफत आरोग्यसेवेकडे तीर्थक्षेत्राप्रमाणे पाहिले. १९५१ मध्ये दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसले तेव्हा बेव्हननी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस! २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टल शहरात या सेवेचा एक दंतवैद्य नव्याने रुग्ण घेणार असे कळताच शेकडो माणसे रस्त्यावर रांग लावून उभी राहिली आणि ती आवरण्यास पोलीस आले. निवडणुकीच्या वेळी इंग्लंडमध्ये इस्पितळांच्या प्रतीक्षायादीवर ७५ लाखांहून अधिक उपचार खोळंबलेले होते. अठरा आठवड्यांत उपचार हा नियम. माझे शेजारी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी चौदा महिने थांबले होते. त्यांचा राग डॉक्टरांवर नव्हता, परिचारिकांवर तर मुळीच नव्हता. "त्यांचेही हाल आमच्यासारखेच," असे ते म्हणत.

बर्मिंगहॅमची गोष्ट आपल्याला अधिक टोचणारी आहे. तेथील नगरपालिका तेव्हा २०१२ पासून मजूर पक्षाच्या हाती होती. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने आपण खर्चाचा मेळ घालू शकत नाही असे अधिकृतपणे जाहीर केले. पुढल्या वर्षी घरपट्टीसारखा तेथील स्थानिक कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, ग्रंथालयांवर आणि युवककेंद्रांवर कुऱ्हाड आली. २०१० नंतर केंद्राने अनुदानात केलेली मोठी कपात हे याचे एक कारण. संगणकप्रणालीचा फसलेला आणि अवाच्या सवा खर्चाचा प्रकल्प हे दुसरे. आणि तिसरे कारण समाजवाद्यांनी खाली मान घालून ऐकावे असे आहे. स्वयंपाकिणी, सफाई कामगार, सेविका अशा स्त्रियांना समकक्ष दर्जाच्या पुरुष कामगारांना मिळणारा बोनस वर्षानुवर्षे नाकारला गेला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा मार्ग मोकळा केला, आणि समान वेतनाची ती थकबाकी शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम चुकती करूनही संपली नाही. आता मतदाराने शिक्षा कोणाला द्यावी? अनुदान कापणारा हुजूर, स्त्रियांची मजुरी बुडविणारा मजूर.

एका विषयावर मात्र कुंपणापाशी आवाज खाली येत असे, आणि तो माझ्या भाचीशी संबंधित होता. ती संगणकक्षेत्रात नोकरी करते, कामाच्या परवान्यावर राहते. राष्ट्रकुलातील देशांच्या रहिवासी नागरिकांना तेथे संसदेसाठी मतदान करता येते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. भारतीय पारपत्र खिशात असलेली माझी भाची ४ जुलैला मत देऊन आली. ती इतरांप्रमाणे सर्व कर भरते, शिवाय आरोग्यसेवेसाठी दरसाल १,०३५ पौंडांचा अधिभार, जो फेब्रुवारी २०२४ पूर्वी ६२४ होता. आणि ती रोज ऐकते की इस्पितळातील रांग तिच्यासारख्यांमुळे लांबली. शेजारी लगेच म्हणत, "तू नव्हेस, बेटा, बाकीचे." त्यावर ती हसते. घरात आल्यावर हसत नाही. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने हिशेबाच्या वर सांगितलेल्या सर्व बाबी उचलल्या आणि खाली बेरीज म्हणून एकच शब्द लिहिला : परदेशी. त्यांना १४.३ टक्के मते पडली. जागा पाचच मिळाल्या, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांची विशेष दखल घेतली नाही.

मजूर पक्षाने काय केले? प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा आणि मूल्यवर्धित कर यांपैकी काहीही वाढविणार नाही असे वचन दिले आणि जपून पावले टाकीत सत्तेकडे चालत गेला. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही तटस्थ संस्था त्या सहा आठवड्यांत सांगत होती की करवाढ, खर्चात कपात वा अधिक कर्ज यांवाचून गत्यंतर नाही आणि यावर दोन्ही मोठे पक्ष संगनमताने मौन पाळत आहेत. एका संध्याकाळी मजूर पक्षाचा एक तरुण स्वयंसेवक भाचीच्या दारी आला. सुशील मुलगा. त्याने कोणाला मत देणार एवढे विचारले आणि हातातल्या तक्त्यावर एक अक्षर टिपले. शेजाऱ्याकडेही गेला. शेजारी बोलू लागले तसा तो घड्याळाकडे पाहू लागला. कारण त्याच्या तक्त्यावर 'का' या प्रश्नाला रकानाच नव्हता.

निकालाचे आकडे या दृष्टीने पाहावेत. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर सुमारे ६३ टक्के जागा मिळाल्या. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली दारुण पराभव झाला तेव्हा मते सुमारे १ कोटी ३ लाख होती. २०२४ च्या दणदणीत विजयात ती सुमारे ९७ लाख. मतदान ६० टक्क्यांच्याही किंचित खाली गेले. बर्मिंगहॅममध्येच, गाझामधील युद्धाबाबतच्या पक्षाच्या भूमिकेवर संतापलेल्या मतदारांनी पेरी बार मतदारसंघात जुन्या खासदाराला ५०७ मतांनी घरी बसविले आणि यार्डलीत जेस फिलिप्स ६९३ मतांनी कशाबशा तगल्या. ही लाट नव्हती.

पुढील गोष्ट लवकर घडली. २९ जुलै रोजी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तिजोरीत २२ अब्जांचे भगदाड सापडल्याचे सांगून वृद्धांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारे २०० ते ३०० पौंडांचे अनुदान अगदी गरिबांपुरते मर्यादित केले. सुमारे एक कोटी वृद्धांचे ते बंद झाले. श्रीमंत म्हाताऱ्यांना सरकारने हे पैसे का द्यावेत, हा प्रश्न अर्थशास्त्रदृष्ट्या गैर नाही. पण रेषा इतकी खाली ओढली की तिच्यावर जेमतेम डोके काढून असलेले सारे बुडाले. माझे शेजारी त्यांतलेच. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म पक्षाने ६७७ जागा आणि दहा नगर-परगणा संस्था जिंकल्या. त्याच दिवशी रंकॉर्नची पोटनिवडणूक त्या पक्षाने मजूर पक्षाकडून सहा मतांनी हिसकावली. वर्षापूर्वी तेथे मजूर पक्षाचे मताधिक्य १४ हजारांवर होते. जूनमध्ये सरकारने बहुतेकांचे अनुदान परत सुरू केले. तोवर भाचीच्या शेजाऱ्यांचा खुबा बदलून झाला होता. ती फोनवर सांगत होती की ते आता काठीशिवाय चालतात आणि फराज यांचे पत्रक त्यांच्या खिडकीत लागले आहे. तिच्याशी ते पूर्वीइतक्याच मायेने बोलतात.

आपल्यापैकी तालुक्यांतून आलेल्या साथींनी घरभेटींच्या वह्या बरोबर आणल्या आहेत असे मला सकाळी कळले. दुपारच्या सत्रापूर्वी त्यांतील चारदोन मला पाहावयास द्याव्यात. जेथे 'उदासीन' असा शेरा आहे ती पानेच फक्त हवी आहेत.