पोरांना मोजणी शिकवा
(पेठ तालुक्यातल्या मेळाव्यातलं भाषण)


दिल्ली सरकारनं 1986 च्या शिक्षण धोरणात ठरवलं, 1995 पर्यंत अकरावी-बारावीची शंभरातली पंचवीस पोरं व्यवसाय शिक्षणाला घालायची. पण आपली पोरं अकरावीला पोचतात किती? भात झोडून झालं की घरंच्या घरं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर जातात, शाळा सुटते ती सुटतेच. त्यांच्यासाठी 1979 ते 1999 ट्रायसेम होती, वय 18 ते 35. त्यात शिवणकाम शिकवायचे. पाड्यावर शिवायला कापड कुणाकडं आहे?

आयटीआयात सर्व्हेअरचा ट्रेड आहे, तो आपल्या पोरांना द्या. आज प्लॉट मोजताना मोजमाप सरकारी माणसाच्या हातात, आपला फक्त अंगठा. आपलं पोर शिकलं तर वीस गुंठ्यांचे दहा लिहिलेले जागेवरच धरील. गावोगाव ठराव करा, प्रकल्प कार्यालयात द्या, पोच घ्या.