नोंदवहीचा पगार



रावेतच्या या परिषदेत अध्यक्षीय भाषणासाठी मला विषय दिला होता ‘महाराष्ट्रातील गोड्या पाण्याचे मत्स्यसंशोधन : एक आढावा’. आढाव्याची बावीस पानं लिहून आणली आहेत. ती स्मरणिकेत छापा. मला आज दुसरंच बोलायचं आहे, आणि ते पंधरा-वीस वर्षं घशात अडकून आहे.

सकाळी येताना बंधाऱ्यापाशी गाडी थांबवली. पिंपरी-चिंचवड जे पाणी पितं, त्यातलं बहुतेक पवनेतून इथे उचललं जातं. पात्रात जलपर्णी होती. ही बाई दक्षिण अमेरिकेतून आलेली, पण ती दिसते. दिसते म्हणून ओरड होते, ओरड झाली की निविदा निघते, यंत्र येतं, फोटो छापून येतो. तिच्याखालून कोण पोहतंय, त्याला ना निविदा ना फोटो. घरातल्या काचेच्या टाकीत मावेनासा झालेला सकर मासा कुणी दयाळू गृहस्थ इथे सोडून देतो. त्या माशापुढे दापोडीला मुळा आहे, रांजणगाव सांडसला भीमा आहे आणि मग आहे उजनी धरणाचा जलाशय, थोडाथोडका नव्हे तर ११७ टीएमसी पाण्याचा. ही पुण्यकर्माची पायवाट कुणी मोजलेली नाही.

आपल्याकडे मोजणी कशी झाली ते पाहा. कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्या माणसाचं मला कौतुक आहे, कारण त्याने इथल्या कोळ्यांच्या तोंडची माशांची नावं तशीच लॅटिनमध्ये नेऊन बसवली. खुद्री, मुसल्लाह, कोलुस, नुक्ता, पोटैल, बोग्गुत. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशांची बरणी उघडली की आत मराठी निघते. पुढे १९४२ साली फ्रेझर या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची यादी केली. नंतर २००३ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी मुळा-मुठेची पुन्हा केली. आता मधली एकसष्ट वर्षं बघा. १९५२ साली चिलापी ही परदेशी मासळी देशात आली, १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी आली, १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं, १९८० साली उजनी पूर्ण झाली. एवढं सगळं दोन याद्यांच्या मधल्या काळात घडलं. आधीची यादी सांगते की परका मासा नव्हता, नंतरची सांगते की आहे. चोर घरात कधी शिरला, हे दोघींनाही माहीत नाही.

काल दुपारच्या सत्रात तरुण मित्रांनी दोन तास वाद घातला. पाण्यातल्या डीएनएवरून परका मासा हुडकायचा, की माशाच्या पोटात ध्वनियंत्र शिवून त्याच्या मागावर राहायचं, की आपलं जुनं जाळंच बरं? मी मागच्या रांगेत बसून हसत होतो. माझं उत्तर एका शाळकरी वहीत आहे.

उजनीच्या काठी, भिगवणच्या बाजूला एक आबा होते. मासेमारीत आयुष्य गेलेलं, शिक्षण चौथी. मी त्यांना सहज म्हणालो होतो की रोज जाळ्यात काय आलं ते लिहून ठेवा. मी विसरलो, ते विसरले नाहीत. तारीख, जाळ्याचा आस म्हणजे डोळ्याचं माप, कुठल्या बाजूला टाकलं, काय किती आलं. एका पानावर अक्षरांऐवजी चित्र होतं. अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, पाठीवर उभा काटेरी पंख, तोंड खाली. ‘याला नाव काय ते ठाऊक नव्हतं सर, म्हणून काढून ठेवला. जाळं फाडलं त्यानं.’ तो सकर होता. आमच्या प्रयोगशाळेत त्याचा पहिला नमुना आला, तो या चित्रानंतर दोन पावसाळे उलटल्यावर. तेव्हा मित्रहो, डीएनए काढा, यंत्रं शिवा, मी आड येत नाही. पण रोज पाण्यावर जाणारा माणूस आधी पगारावर घ्या.

दुसरा वाद : चिलापी वैरीण की अन्नदाती? हाही मी बाजारात मिटवून आलो आहे. मासळी विकणाऱ्या एका मावशींना मी परक्या माशांवर व्याख्यान दिलं. त्या हात पुसत म्हणाल्या, ‘तिला परकी म्हणता, मग माझ्या सुनेलाही म्हणा. दोघींनी मिळून घर चालवलंय.’ त्यानंतर मी व्याख्यानाचं शीर्षक बदललं. उजनीतून चिलापी हटवण्याची भाषा ज्यांना करायची आहे, त्यांनी आधी त्या मावशींच्या ओट्यापाशी उभं राहून करावी.

परका म्हणजे कोण, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून आपल्या खुद्री महाशीरची पैदास होते. काम मोठं आहे, मी त्याचा चाहता आहे. तिथलं बीज देशभर गेलं, कावेरीतही गेलं. तिथे आपला हा दख्खनी पाहुणा इतका माजला की कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मागे पडला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. तो मागे पडतोय हे कळलं कशावरून? कुठल्याही प्रकल्पावरून नाही. गळ टाकून मासा पकडणारे, मोजून परत सोडणारे हौशी लोक १९९८ ते २०१२ अशी चौदा-पंधरा वर्षं आपल्या वह्यांत लिहीत राहिले, त्यावरून.

आता माझी तक्रार.

मला एकदा तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला होता. कुठल्या खात्याचा ते सांगत नाही, त्या खात्याचे लोक सभागृहात असू शकतात. पहिलं वर्ष खरेदीत गेलं. होडी भाड्याने घेता येईना, कारण होडी ‘वाहन’ की ‘उपकरण’ यावर पत्रव्यवहार चालला होता. दुसऱ्या वर्षी संशोधक मुलाला बँकेत नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी कुठे आकडे एका रेषेत यायला लागले, तर अहवालाची मुदत आली. मुदतवाढीचा अर्ज केला. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता : ‘यात नवीन काही नाही, केवळ मोजणी आहे.’

केवळ मोजणी! अहो, नाडी बघणंही केवळ मोजणीच असते. अमेरिका-कॅनडाच्या पंचमहासरोवरांत लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू मासा घुसला, तेव्हा दोन देशांनी करार करून १९५५ साली कायमचा आयोग नेमला. त्याला मारणारं विष शोधायला सुमारे सहा हजार रसायनं तपासली. लॅम्प्रे नव्वद टक्के कमी झाला तरी आयोग बंद केला नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे काम रोडावलं, आणि लॅम्प्रेने लगेच डोकं वर काढलं. त्यांना ते कळलं, कारण मोजणारे पगारावर होते. आपल्याकडे २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेचा आकडा २०,०५० कोटींचा. उत्पादन वाढावं, माझी ना नाही. पण तळ्यात काय आहे हे न मोजता त्यात बीज ओतत राहणं म्हणजे जमाखर्चाविना दुकान.

तेव्हा या परिषदेने एवढं करावं. उजनी, कोयना, जायकवाडी, अशा मोठ्या जलाशयांवर कायम नोंदकरी नेमावेत. पैसा कुठून, ते समितीने बघावं. पाटबंधारे, मत्स्य, महापालिका, जो पाणी घेतो त्याने थोडं द्यावं. नमुने तपासायला आकुर्डीत, रावेत रस्त्यावरच भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, त्यांच्याशी बोलावं. वह्यांचा नमुना मी करून देतो, बाकी तरुणांनी ठरवावं.

आबा गेले. वही आता त्यांच्या नातवाकडे आहे. तो चाकणला कंपनीत पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी जाळं टाकतो. परवा त्याचा फोन आला, ‘सर, मी लिहीन पुढे. पण महिन्याला किती मिळतील?’ परिषद झाली की सांगतो, असं मी त्याला म्हणालो आहे.