हिरडीवरची पुन्हा येणारी पुळी



कापूस वेचणीचे दिवस असावेत. यावल-रावेरकडच्या किंवा साक्री-शिरपूरकडच्या एखाद्या भावानं दाढ ठणकली म्हणून मागं तालुक्याला जाऊन रूट कॅनाल करून घेतलं. ठणका गेला. आणि आता त्याच दाढेच्या बुडाशी, हिरडीवर, ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी. दाबली की तोंडात खारट घाण येते. दोन दिवसांत बसते, पंधरा दिवसांनी पुन्हा उठते. दुखत मात्र नाही. आता न दुखणाऱ्या पुळीसाठी मजुरी बुडवून एस.टी.त कोण बसणार?

इथंच आपण फसतो. ठणका थांबतो तो पुवाला वाट मिळते म्हणून, रोग गेला म्हणून नव्हे. ही पुळी म्हणजे नुसती मोरीचं तोंड. घाण साठलेली असते ती बहुधा आत, मुळीच्या टोकाशी, हाडात. गोळ्यांनी सूज ओसरते. पण दाढेतली नस मेलेली, तिथं रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? विहिरीत कबूतर कुजत असताना वरचं पाणी उपसण्यातला हा प्रकार.

मग उपचार होऊनही कारण उरतं कसं? वरच्या पहिल्या दाढेला मुळ्या तीन, पण त्यांतल्या नळ्या पुष्कळदा चार. चौथी केसासारखी बारीक. ती कधी हाती लागत नाही. कधी ‘पैसे आले की बसवू’ म्हणून वरची टोपी राहून जाते आणि फटीतून जंतू पुन्हा आत उतरतात. कधी मुळीच उभी तडकलेली असते. तशी दाढ मात्र बहुधा काढावीच लागते.

पुळी एका दातापाशी आणि दोष शेजारच्या दातात, असंही होतं. म्हणून दंतवैद्य पुळीच्या छिद्रात गटापर्चाची बारीक काडी सरकवून एक्स-रे काढतात. हा गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. एके काळी समुद्राखालच्या तारांवरही तोच चढवीत. काडी जिथं पोचते, तिथं दोष. मग मुळी पुन्हा उघडून साफ करतात, क्वचित टोकाशी छोटी शस्त्रक्रिया करतात. दोष निघाला की पुळी बहुधा दोन-चार आठवड्यांत आपणहून मिटते; आतलं हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतात.

गुरुजी, दुसरी-तिसरीतल्या पोराच्या हिरडीवर अशी पुळी दिसली, तर ‘दुधाचाच दात, पडेल’ म्हणून सोडू नका. त्याच्याच खाली पक्का दात घडत असतो.

पुळी बाभळीच्या काट्यानं फोडू नका, तंबाखूचा बार धरू नका, गालावर शेक देऊ नका. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळवेना, असं झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. ती सूज घशाकडं उतरून श्वास कोंडू शकते. मधुमेह्यानं तर तासाचीही दिरंगाई करू नये.

एरवी आधी ज्यांनी उपचार केले त्यांच्याकडेच परत जा. नाहीतर धुळ्याला दंतमहाविद्यालय आहेच. जाताना जुना एक्स-रे आणि औषधांची चिठ्ठी पिशवीत टाका.