न बोललेली गोष्ट

ऑस्कर वाइल्ड याच्या ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ या नाटकाचा पहिला प्रयोग लंडन येथें १८९२ सालीं झाला. त्या नाटकाचें सारें तेज त्यांतील चटकदार वाक्यांत आहे. पुढें १९२५ सालीं अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकानें अमेरिकेंत वॉर्नर ब्रदर्ससाठीं त्याच कथेचा मूकपट केला, तेव्हां वाइल्डचीं तीं प्रसिद्ध वाक्यें त्यानें पडद्यावरील पाट्यांतही घेतलीं नाहींत. शब्दच काढून घेतल्यावर नाटकांत उरणार काय, असें कोणासही वाटावें. उरलें तें गुपित. आणि गुपितास मौनच अधिक मानवतें.

लेडी विंडरमिअर ही तरुण गृहिणी. आपली आई वारली, अशी तिची समजूत असून त्या स्मृतीस ती पूज्य मानते. वस्तुतः आई जिवंत आहे. लौकिक गमावलेली मिसेस अर्लिन तीच. ती लंडनला येते आणि जांवयास आपली ओळख देऊन पैसे मागते. पत्नीच्या मनास धक्का बसूं नये म्हणून लॉर्ड विंडरमिअर पैसे देतो व ही गोष्ट लपवितो. हेतु निर्मळ खरा. पण पत्नीस कळतें तें इतकेंच कीं, पति एका परस्त्रीस पैसे पुरवीत आहे.

नाटकांत नसलेला शर्यतीच्या मैदानाचा प्रसंग लुबिचनें येथें योजिला आहे. घोड्यांसाठीं आणलेल्या दुर्बिणी मिसेस अर्लिनवर रोखल्या जातात. पाहतात सारे, तिचें खरें नातें जाणतो एकटा जांवई. पुढें मेजवानीच्या रात्रीं बागेंतील झुडुपांच्या कुंपणाआड मिसेस अर्लिनजवळ कोणी पुरुष असल्याचें लेडी विंडरमिअरला दिसतें. तो आपला पतीच, असें ती ठरवून टाकते, असतो दुसराच. दिसलें तें खरें, परंतु लावलेला अर्थ खोटा.

संतापाच्या भरांत ती आपल्यावर प्रेम करणाऱ्या लॉर्ड डार्लिंग्टनच्या घरीं जाते. आईनेंही एकेकाळीं असेंच घर सोडलें होतें. ती मुलीच्या पाठोपाठ धांवते व तिला परतण्यास विनविते. तोंच पुरुषमंडळी येतात, दोघीही लपतात, आणि पतीनें भेट दिलेला पंखा त्या मंडळींच्या हातीं लागतो. त्या क्षणीं मिसेस अर्लिन स्वतः पुढें होऊन तो दोष आपल्या माथीं घेते, मुलगी निसटते.

दुसऱ्या दिवशीं ती पंखा परत करते, पण आपण आई आहों हें सांगत नाहीं. त्या रात्रीची गोष्टही पतीस सांगूं नकोस, असें मुलीस बजावते. संसार वांचला, परंतु पतीस ती रात्र ठाऊक नाहीं आणि पत्नीस आपली आई ठाऊक नाहीं.

मग पतीचें मौन आणि आईचें मौन यांत अंतर कोणतें? पतीनें गुपित राखलें दयेनें, पण त्याचा जाच पत्नीस सोसावा लागला. आईनें राखलेल्या गुपिताची किंमत तिनें स्वतःच दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदींत २००२ सालीं समाविष्ट झालेला हा मूकपट हा भेद एका अक्षरावांचून दाखवितो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. ती मूठ झांकून ठेवतांना कळ कोणाच्या हातास लागते, हेंही पाहिलें पाहिजे.