जुने यंत्र, नवे घड्याळ
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



स्वित्झर्लंडमधील नशातेलच्या वेधशाळेत घड्याळांच्या अचूकतेची स्पर्धा होत असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे झेनिथ कंपनीचे ‘कॅलिबर १३५’ हे यंत्र तिथे पहिले आले. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. स्पर्धेसाठी घडवलेली ही यंत्रे विक्रीस नव्हती. १९६९ मध्ये क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ आले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले.

२०२२ मध्ये कारी वोतिलाइनेन या नामवंत कारागिराने त्यांतली दहा यंत्रे नीट करून दिली. प्लॅटिनमची केस नवी, काळी डायल नवी, यंत्र मात्र तेच. घड्याळे झाली दहाच.

एवढी किंमत आपल्याला झेपणारी नाही. पण त्यातला विचार आपल्या घरचा आहे. आजोबांचे चावीचे घड्याळ कपाटात बंद पडून असेल, तर त्याला जोराने चावी देऊ नका. वाळलेल्या तेलावर चाके झिजतात. डायल रंगवून घेऊ नका. आधी जाणत्या कारागिराकडून ते साफ करून घ्या. असे हात आता थोडे उरले आहेत. ते आहेत तोवर हे काम उरकून घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!