शेऱ्याच्या रकान्यात आपण काय लिहितो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'फॅसिझम आणि स्त्रिया' या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं. हिटलरबद्दल आपण सगळ्यांनीच वाचलंय. आज मी त्याच्या पक्षातल्या एका बाईबद्दल बोलणार आहे. तिचं नाव गर्ट्रूड शोल्त्स-क्लिंक. ती निवडली, कारण तिचं काम वरवर पाहता आपल्या कामासारखंच दिसतं.

तिचा जन्म १९०२ सालचा, दक्षिण जर्मनीतल्या बाडेन प्रांतातला. १९३० साली तिचा पहिला नवरा वारला. पदरात लहान मुलं होती. त्याच सुमारास ती नाझी पक्षात आली आणि बाडेनमध्ये पक्षाची महिला संघटना बांधू लागली. १९३४ साली, अवघ्या ३२व्या वर्षी, तिला साऱ्या देशाच्या स्त्रियांची प्रमुख नेमण्यात आलं. पुढं तिच्या संघटनेत वीस लाखांहून अधिक स्त्रिया होत्या.

पद मोठं होतं, पण सत्ता? पक्षानं १९२१ सालीच ठरवलं होतं की नेतृत्वात बायकांना जागा नाही. जर्मन स्त्रियांना १९१८ साली मताचा हक्क मिळाला होता. १९३३ साली हिटलर आला आणि विद्यापीठात मुलींच्या प्रवेशावर दहा टक्क्यांची मर्यादा आली. लग्नासाठी एक हजार मार्कांपर्यंत कर्ज मिळू लागलं. अट अशी की बायकोनं नोकरी सोडायची. कर्ज नवऱ्याच्या हातात आणि प्रत्येक मुलामागे पाव हिस्सा माफ! १९३६ पासून स्त्रियांना न्यायाधीश होण्याचीही बंदी झाली. या सगळ्याला आमच्या या नेत्या बाईंनी विरोध केला नाही. आईपण हेच राष्ट्रकार्य, असं ती गावोगाव सांगत राहिली.

मग लाखो बायका तिच्यामागे का गेल्या? फक्त भीतीनं गेल्या, असं म्हणणं सोपं आहे. पण तिची संघटना बाळंतिणीची चौकशी करायची, बालसंगोपनाचे, स्वयंपाकाचे, शिवणकामाचे वर्ग चालवायची. घरात जिचं काम कुणी मोजत नव्हतं, तिला तिथं मान मिळाला. ही भूक खरी होती. तिला आपण हसू नये.

मात्र या वर्गात ज्यू बाईला प्रवेश नव्हता, जिप्सी म्हणून हिणवल्या गेलेल्या रोमा बाईला नव्हता. मदतीची यादी होती, तशीच दुसरीही एक यादी होती. १९३३ च्या जुलैत आनुवंशिक रोगांच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. सुमारे चार लाख माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली, त्यांत निम्म्या स्त्रिया. 'मंदबुद्धी' हा शिक्का सर्वांत जास्त वापरला गेला. घर अस्वच्छ आहे, मुलं लग्नाबाहेरची आहेत, एवढंही त्याला पुरायचं. आणि ही माहिती कोण पुरवत होतं? डॉक्टर, आणि त्यांच्याबरोबर घरोघर जाणाऱ्या समाजसेविका. माझ्याच व्यवसायातल्या बाया.

हे वाचलं तेव्हा मला माझी एक वही आठवली. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्यासाठी मी एका वस्तीत गृहभेटी द्यायचे. एका घरी पाच मुलं, दारू पिणारा नवरा, उष्टी भांडी तशीच पडलेली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'आई निष्काळजी.' ती बाई पहाटे चारला उठून धुण्याभांड्याच्या कामाला जायची, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. तोवर माझा कागद पुढं गेला होता. आमच्याकडे त्या कागदामागे नाझी कायदा नव्हता, म्हणून निभावलं. माझा शेरा त्यांच्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता.

युद्धानंतर ही बाई नाव बदलून राहिली. १९४८ साली पकडली गेली, खोट्या कागदपत्रांबद्दल तुरुंगात गेली. १९७८ साली तिनं नाझी राजवटीतल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं, त्यातही पश्चात्ताप नव्हता. इतिहासकार क्लॉडिया कून्झ तिला भेटल्या, तेव्हाही तिला आपल्या कामाचा अभिमानच होता. १९९९ साली, ९७ व्या वर्षी ती वारली.

तिला राक्षसीण म्हणून मोकळं होता येईल. पण ती आयुष्यभर म्हणत राहिली की मी राजकारण केलं नाही, मी फक्त बायकांसाठी काम केलं. हे वाक्य मी आपल्या बैठकांमध्येही ऐकलंय, स्वतः बोललेही आहे. बायकांसाठी, पण कोणत्या बायकांसाठी? आपल्या हळदीकुंकवाला कोण येत नाही? आपल्या गटात कोणत्या गल्लीतली बाई नाही, आणि ती का नाही, हे आपण कधी विचारलंय का?

उद्या गृहभेटीला जाल तेव्हा शेरा लिहिण्याआधी त्या बाईला तो वाचून दाखवा. तिच्यासमोर वाचता येत नसेल, तर तो लिहू नका.